मृगया, पारध, शिकार : चित्रकलेतील शिकारदृश्यांचा तौलनिक विचार

१

शिकारीचे दृश्य हा भारतीय चित्रकलेतील अत्यंत प्राचीन आणि दीर्घकाळ टिकून राहिलेला विषय आहे. मध्य भारतातील शैलाश्रयांच्या भिंती, अजिंठ्याची लेणी, मुघल चित्रशाळा, राजस्थानी कलमा आणि अखेर विसाव्या शतकातील छायाचित्रे अशा अगदी भिन्न ठिकाणी तो भेटतो. या चित्रांची कालक्रमाने सूची करता येईल. परंतु तशा सूचीमुळे ही सर्व चित्रे एकाच गोष्टीविषयी आहेत असा समज होण्याचा संभव आहे. हातात शस्त्र घेतलेला माणूस आणि समोर पळणारे जनावर एवढे साम्य दिसले की आपण त्या चित्राला ‘शिकारदृश्य’ म्हणतो आणि पुढे जातो. चित्र कोणाच्या बाजूने पाहिलेले आहे, शिकारीच्या लांबलचक प्रक्रियेतील नेमका कोणता क्षण चित्रकाराने निवडला आहे आणि त्या क्षणाचा नायक कोण आहे, हे प्रश्न तेथे विचारलेच जात नाहीत.

प्रस्तुत लेखात हे तीन प्रश्न केंद्रस्थानी ठेवले आहेत. साहित्याच्या अभ्यासकाला ते नवे नाहीत. कथनाचा दृष्टिकोन, प्रसंगाची निवड आणि नायकत्व या संज्ञांनी तो कथा-काव्याचा विचार नेहमीच करीत असतो. त्याच संज्ञा चित्रांना लावल्या असता शिकारदृश्य हा एक विषय राहत नाही, त्याचे किमान तीन विषय होतात, असे येथे दाखवावयाचे आहे. या तिन्हींची नावेही मराठी भाषेने आधीच सांभाळून ठेवलेली आहेत.

२

मराठीत या क्रियेसाठी तीन शब्द आहेत : मृगया, पारध आणि शिकार. व्यवहारात आपण ते जवळजवळ समानार्थी म्हणून वापरतो. त्यांची कुळे मात्र निराळी आहेत.

‘मृगया’ या शब्दाच्या मुळाशी संस्कृतातील ‘मृग्’ हा धातू आहे. शोधणे, माग काढणे हा त्याचा अर्थ. मारणे ही कल्पना या शब्दात मुळात नाही. शोध घेणे आहे. संस्कृत परंपरेत मृगयेविषयी एकमत नव्हते. मनुस्मृतीने राजाच्या कामज व्यसनांत तिची गणना केली. कौटिल्याने तिला व्यसन मानूनही तिच्यामुळे होणारा व्यायाम, चल लक्ष्यावर नेम धरण्याचा सराव आणि जनावरांच्या चित्तवृत्तीचे ज्ञान हे लाभ सांगितले. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात तर मृगया हा राजाच्या विनोदांपैकी एक विनोद म्हणून सविस्तर वर्णिला आहे. त्याच ग्रंथात चित्रकलेचेही विवेचन आहे, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

‘पारध’ हा शब्द ‘पापर्द्धि’ या शब्दापासून प्राकृतातील ‘पारद्धि’ या रूपातून आला, असे व्युत्पत्तिकार मानतात. हेमचंद्राच्या ‘अभिधानचिंतामणि’ या बाराव्या शतकातील कोशात मृगयेच्या पर्यायांत ‘पापर्द्धि’ हा शब्द येतो. ऋद्धी म्हणजे वाढ. तेव्हा पापर्द्धि म्हणजे पापाची वाढ. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या परंपरेने क्रियेचे नाव ठेवतानाच तिच्याविषयीचा निवाडाही देऊन टाकला आहे. मराठीत हा निवाडा ध्वनिबदलात झाकला गेला, आणि ‘पारधी’ हा शब्द व्यवसायाचा, पुढे जमातीचा वाचक झाला.

तिसरा शब्द ‘शिकार’ फारसीतून, दरबारी व्यवहाराबरोबर आला. शिकार करणे ही क्रियाही शिकार आणि हाती लागलेले जनावर हीही शिकारच. जनावराला स्वतःचे नाव उरत नाही. ते क्रियेतच विरून जाते. याउलट ‘सावज’ या मराठी शब्दाचा प्रवास पाहावा. ‘श्वापद’ या शब्दापासून तो आला असे मानतात. श्वापद म्हणजे हिंस्र पशू. सावज म्हणजे मात्र आज ज्याच्यावर नेम धरला आहे तो जीव. मारणाऱ्याचे नाव मरणाऱ्याला लागावे, एवढी उलथापालथ या एका शब्दात झाली आहे.

हे तीन शब्द पुढील विवेचनात तीन दृष्टींची नावे म्हणून वापरले आहेत. शैलचित्रे काढणारे लोक संस्कृत बोलत होते किंवा अजिंठ्याच्या चित्रकारांनी हेमचंद्र वाचला होता, असे अर्थातच सुचवायचे नाही. शब्द हे येथे वाचनाचे साधन आहे, ऐतिहासिक पुरावा नव्हे.

३

भिलाईत राहून या विषयाचा विचार करताना आरंभ छत्तीसगडातूनच करणे उचित आहे. येथील पोलाद कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला आणि १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली. या भट्ट्यांना दल्ली-राजहरा येथील खाणींनी ज्या खनिजाचा पुरवठा केला ते हेमॅटाइट, म्हणजे लोहाचे तांबडे ऑक्साइड. त्याचे मातकट रूप आपण गेरू किंवा काव या नावाने ओळखतो. मध्य भारतातील शैलचित्रांचा प्रमुख रंग हाच आहे. येथे माणसाने लोखंड गाळण्याच्या कितीतरी आधी लोहखनिजाने जनावर रंगविले होते. ज्या वस्तूचा आपण केवळ धातू म्हणून हिशेब ठेवतो ती या भूमीत प्रथम चित्राची वस्तू होती, हे विसरता कामा नये.

छत्तीसगडातील शैलचित्रांचे प्रमुख क्षेत्र रायगढ जिल्ह्यात आहे. (हा रायगढ म्हणजे महाराष्ट्रातील रायगड नव्हे.) सिंघनपूर, कबरा पहाड, बसनाझर, ओंगना, करमागढ ही त्यातील काही स्थाने. सिंघनपूरची चित्रे १९१० मध्ये सी. डब्ल्यू. अँडरसन या रेल्वे अभियंत्याच्या दृष्टीस पडली. त्यानंतर अमरनाथ दत्त यांनी १९३१ मध्ये त्यांवर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले आणि मनोरंजन घोष यांनी १९३२ च्या पुरातत्त्व खात्याच्या प्रबंधात त्यांचा परामर्श घेतला. या चित्रांचा काळ निश्चित सांगणे कठीण असते. मध्याश्मयुगापासून ऐतिहासिक काळापर्यंत एकावर एक थर चढत गेलेले दिसतात. सिंघनपूरची चित्रे ऊन-पावसाने बरीच पुसट झाली आहेत. तरीही मोठ्या जनावराभोवती काठ्या आणि भाले घेऊन जमलेल्या माणसांचे तेथील दृश्य शैलचित्रांच्या अभ्यासात प्रसिद्ध आहे.

मध्य भारतातील अशा दृश्यांत एक विशेष सामान्यतः आढळतो. माणूस काही रेषांत उरकलेला असतो : एक उभी रेघ, दोन हात, दोन पाय. जनावर मात्र शरीरासह येते. त्याचे वशिंड, शिंगांची वळणे, पोटाचा भार, मानेचा उतार हे सारे ओळखता येते. भीमबेटका येथे काही जनावरांच्या पोटातील गर्भ किंवा आतडीही दाखविलेली आहेत. त्वचेच्या आत काय आहे हे ज्याला माहीत आहे, त्याचे हे रेखाटन आहे. माणसांमध्ये नायक सापडत नाही. कोणी मोठा नाही, कोणाला वेगळा पोशाख नाही. चित्रातील सारे लक्ष जनावराकडे लागलेले आहे, कारण चित्रकाराच्या समूहाचे जगणे त्याच्यावर अवलंबून होते. शोध घेणे या अर्थाने ही ‘मृगया’ आहे. माग काढणाऱ्याने जनावराविषयी मिळविलेले ज्ञान हाच या चित्रांचा आशय आहे.

या दृष्टीत शिकाऱ्याचा विजय गृहीत धरलेला नसतो. भीमबेटका येथील एका प्रसिद्ध चित्रात रानडुकरासारखा, शिंगे असलेला प्रचंड पशू एका इवल्याशा माणसाच्या पाठीशी लागला आहे. भीमबेटकाचा शोध १९५७ मध्ये लावणारे विष्णु श्रीधर वाकणकर हे नीमचला जन्मलेले मराठी संशोधक स्वतः चित्रकार होते, ही गोष्ट येथे महत्त्वाची वाटते. शैलचित्रांच्या नकला करताना हात ज्या रेषेवरून फिरतो ती रेषा कोठे रेंगाळली आणि कोठे घाईने सुटली हे चित्रकाराला कळते. भीमबेटकाला २००३ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. रायगढच्या शैलाश्रयांकडे तितके लक्ष गेलेले नाही.

जनावराचे ज्ञान हा या चित्रांचा आशय आहे याला एक अनपेक्षित पुष्टी मिळते. मिर्झापूर परिसरातील एका शैलाश्रयात जॉन कॉकबर्न यांना गेंड्याच्या शिकारीचे चित्र आढळले. १८८३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले ते कलेचा नमुना म्हणून नव्हे, तर त्या प्रदेशात पूर्वी गेंडे होते याचा पुरावा म्हणून. हजारो वर्षांपूर्वीच्या चित्रावर प्राणिशास्त्राने असा विश्वास ठेवावा, एवढे ते अचूक होते.

४

यानंतर अजिंठ्याकडे वळले असता दृष्टी पूर्णपणे पालटलेली दिसते. शैलाश्रयांत समूहाने जनावराकडे पाहिले होते. येथे जनावर आपल्याला मारणाऱ्याकडे पाहते.

दहाव्या लेण्यातील जुनी चित्रे इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांतील, सातवाहनांच्या काळातील मानली जातात. त्यांत छद्दंत जातक आणि साम जातक या दोन कथा आहेत, आणि दोन्ही शिकारीच्या आहेत. छद्दंत कथेत सोनुत्तर नावाचा व्याध खड्ड्यात दडून, अंगावर काषाय वस्त्र घेऊन गजराजावर बाण सोडतो. गजराज त्याला चिरडू शकतो. पण ते वस्त्र पाहून थांबतो आणि आपले सुळे कापून नेण्यास त्याला साहाय्य करतो. ज्या राणीने पूर्वजन्मीच्या रागापोटी हे सुळे मागविले होते, ते समोर येताच तिचे हृदय विदीर्ण होते. अजिंठ्याच्या चित्रकाराने सुळे पाहून राणी कोसळते तो प्रसंग मुद्दाम रंगविला आहे. शिकारीचा शेवट बाण लागण्याच्या जागी होत नाही. तो राजवाड्यात, शिकारीची इच्छा धरणाऱ्या मनात होतो. ‘पापर्द्धि’ या शब्दाचा इतका थेट चित्ररूप अर्थ दुसरीकडे मिळणे कठीण. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक हरिषेणाच्या राजवटीत रंगविलेल्या सतराव्या लेण्यात ही कथा पुन्हा येते. तेथेच शरभ जातकातील राजा दिसतो. शिकारीच्या नादात तो खोल दरीत पडतो आणि ज्याच्या मागे तो लागला होता तो शरभच त्याला वर काढतो.

साम जातक तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला विशेष उपयुक्त आहे, कारण त्याचे कथाबीज रामायणातील दशरथाच्या हातून घडलेल्या मुनिकुमाराच्या वधाशी जुळते. महाराष्ट्रात ही कथा श्रावणबाळाची म्हणून घरोघरी ठाऊक आहे. दोन्हीकडे आंधळे आईवडील, पाणी भरण्यास आलेला मुलगा आणि शिकारीला निघालेला राजा आहे. फरक आहे तो बाण कसा सुटतो यात. दशरथ शब्दवेधी आहे. अंधारात घागर बुडण्याचा आवाज त्याला हत्तीच्या पाणी पिण्यासारखा वाटतो आणि तो न पाहता बाण सोडतो. पाली कथेतील पिळियक्ख राजा मात्र सामाला हरिणांच्या सोबतीत उघड्या डोळ्यांनी पाहतो. हा देव की नाग, असा त्याला प्रश्न पडतो. जवळ गेलो तर हा नाहीसा होईल, म्हणून आधी जायबंदी करावे आणि मग विचारावे, असे तो ठरवितो. एकाचा अपराध न पाहण्याचा आहे, दुसऱ्याचा पाहूनही न ओळखण्याचा.

माध्यमाचा फरक येथे स्पष्ट होतो. अंधारातील आवाज काव्यात सहज आणता येतो, कारण श्रोताही दशरथाप्रमाणे ऐकतच असतो आणि चूक त्याच्या कानावर घडते. चित्रात आवाज नसतो आणि पूर्ण अंधारही नसतो. भिंतीसमोर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला राजा आणि घागर घेतलेला मुलगा दोघेही एकदम दिसतात. राजाला न उमगलेली गोष्ट प्रेक्षकाला आधीच उमगलेली असते. त्यामुळे पाली कथेतील डोळस अपराध भिंतीवर अधिक स्वाभाविकपणे उतरतो. प्रेक्षक साक्षीदार होतो आणि त्याला अज्ञानाचा आधार घेता येत नाही. साम पुन्हा जिवंत होतो, रामायणातील मुनिकुमार होत नाही, हा कथाशेवटाचा भेदही यामुळे नीट समजतो. अजिंठ्याच्या भिंतीवर पाप दाखविले आहे ते करुणेला वाट करून देण्यासाठी.

ही दृष्टी केवळ बौद्ध विहारांपुरती मर्यादित नव्हती. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’ या माहाराष्ट्री प्राकृतातील संग्रहात व्याधाच्या घरच्या कितीतरी गाथा आहेत. त्यांतील एका गाथेत हरिणाची जोडी व्याधासमोर येते. नर मादीला आणि मादी नराला वाचविण्यासाठी स्वतः बाणासमोर होऊ पाहते. ते पाहून व्याधाच्या डोळ्यांत पाणी येते आणि तो धनुष्य खाली ठेवतो. येथे उपदेश नाही, जन्मांतर नाही, धर्माचे नावही नाही. शिकार ज्याचे पोट आहे अशा माणसाने क्षणभर सावजाच्या जागी उभे राहणे एवढेच आहे. दख्खनच्या भूमीत, भिंतीवर आणि गाथेत, ही दृष्टी अगदी प्राचीन काळीच दिसू लागते, याची नोंद मराठीच्या अभ्यासकाने घेतली पाहिजे.

अजिंठ्याच्या इतिहासातील एक योगायोग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी त्या परिसरात फिरत असता ही लेणी त्याच्या दृष्टीस पडली, असे सांगितले जाते. त्याने आपले नाव आणि तारीख ज्या खांबावर कोरली तो खांब दहाव्या लेण्यातलाच आहे. ज्या दालनात व्याधाची कथा रंगविली होती, तेथील चित्रित खांबावर एका शिकाऱ्याची सही आहे. ज्यांनी चित्रे काढली त्यांची नावे आपल्याला मिळत नाहीत.

५

सहीचा हा प्रश्न आपल्याला तिसऱ्या दृष्टीकडे, ‘शिकारी’कडे नेतो. दरबारी शिकारचित्रात शिकाऱ्याचे नाव हीच मुख्य गोष्ट असते.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील ‘अकबरनामा’च्या प्रतीत १५६७ मध्ये लाहोरजवळ झालेल्या कमरगाह शिकारीचे दोन पानांवर पसरलेले चित्र आहे. त्याची रचना मिस्कीन या चित्रकाराची आहे. कमरगाह म्हणजे मोठ्या प्रदेशातील जनावरे हाकारून एका वेढ्यात आणण्याची पद्धत. चित्रात कुंपणाच्या आत जनावरांचा भोवरा फिरतो आहे, चित्ते हरणांवर झेपावत आहेत आणि या साऱ्या गोंधळात घोड्यावर बसलेला अकबर तेवढा स्थिर आहे. याच चित्रात हमीद भक्करी नावाचा एक गुन्हेगार दरबारी, डोके भादरून आणि गाढवावर बसवून फिरविला जाताना दिसतो. शिकार आणि शासन एकाच कुंपणात आहेत. शिकारीच्या निमित्ताने बादशहा प्रजेची स्थिती जाणून घेतो, असे अबुल फज्लने लिहिले आहे. चित्र तेच सांगते, पण अधिक कठोरपणे : वेढ्यातील हरिण आणि गाढवावरील दरबारी यांच्यावर एकच सत्ता चालते.

दरबारी शिकारीचे दुसरे लक्षण म्हणजे मोजदाद. जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात बाराव्या वर्षापासून राज्यारोहणाच्या अकराव्या वर्षापर्यंतच्या शिकारींचा हिशेब दिला आहे : त्याच्या समक्ष मारली गेलेली जनावरे २८,५३२, त्यांपैकी त्याने स्वतः मारलेली १७,१६७. त्याच जहांगीराच्या पदरी उस्ताद मन्सूर होता, ज्याने पशुपक्ष्यांची अत्यंत बारकाईची चित्रे काढली. जनावर आकड्यात जाते आणि त्याच दरबारात एकेक पीस निरखून रंगविलेही जाते. मुघल दृष्टीतील हा ताण सहज सुटणारा नाही. स्वतः अकबराने १५७८ मध्ये भेरा येथे कमरगाहची सर्व सिद्धता झाली असता अचानक शिकार थांबवून जनावरे सोडून देण्याची आज्ञा केली, आणि त्या प्रसंगाचेही चित्र काढले गेले. गाथेतील व्याधाने धनुष्य खाली ठेवले तेव्हा त्याच्या घरी त्या रात्री काय शिजले असेल, हा प्रश्न उरतो. बादशहाने हात आवरला तेव्हा तोही त्याच्या सामर्थ्याचाच आविष्कार ठरला.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोटा येथील चित्रकारांनी या दरबारी चौकटीत एक मोठा बदल केला. महाराव उमेदसिंहाच्या काळातील शिकारचित्रांत रान एवढे दाट वाढते की राजा त्यात शोधावा लागतो. शेख ताजूसारख्या चित्रकारांच्या हाती खडक, झुडपे आणि वाघ यांनी चित्र व्यापून टाकले. आश्रयदाता चित्रात आहे, त्याचा नेमही अचूक आहे. परंतु प्रेक्षकाची नजर त्याच्यावर ठरत नाही.

मराठी दरबारात शिकारीच्या चित्रांपेक्षा वेगळी एक गोष्ट आढळते. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांनी जो प्राणिसंग्रह ठेवला होता त्याचे नाव ‘शिकारखाना’. येथे शिकार म्हणजे पिंजऱ्यातील जिवंत जनावर. गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० मध्ये तेथील गेंड्याचे चित्र काढले. मिर्झापूरच्या शैलाश्रयातील गेंड्याभोवती भाले आहेत. तांबटांच्या गेंड्याभोवती कोणी नाही. तो पळत नाही, लढत नाही, नुसता उभा आहे. पाठलागावाचून उरलेले हे जनावर पाहताना शिकारचित्राला कोणकोणत्या गोष्टींची गरज असते हे उलट बाजूने कळते.

या सर्व दरबारी चित्रांत एक वर्ग सतत कडेला उभा असतो : हाका घालणारे. कमरगाहसाठी हजारो माणसे अनेक दिवस रान हाकारीत. पुढे संस्थानी मुलखात हाक्यासाठी वेठीने माणसे धरली जात. रान ओळखणारे, माग काढणारे तेच होते. म्हणजे मूळ अर्थाने मृगया त्यांच्याकडेच होती. चित्रात ते शैलाश्रयातील माणसांसारखेच काही रेषांत उरकलेले दिसतात. मात्र शैलाश्रयात सारेच तसे होते.

पारध्यांची गोष्ट याहून कठीण आहे. फासेपारध्यांची विद्या फासे आणि जाळे लावून दबा धरण्याची. तीत घोडा नाही, झेप नाही, शौर्याचा देखावा नाही, म्हणून दरबारी चित्राला ती विषय म्हणून भावली नाही. ज्या काळात राजे आणि साहेब आपली शिकारीची चित्रे भिंतीवर लावीत होते त्याच काळात, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या अंमलात, पारध्यांवर जन्माने गुन्हेगार असल्याचा शिक्का बसला. तो कायदेशीरपणे १९५२ मध्ये पुसला गेला. ‘पापर्द्धि’ या शब्दातील पाप शिकार करविणाऱ्याला न लागता शिकार करून पोट भरणाऱ्याला चिकटले, हा शब्दाच्या इतिहासातील अन्याय समाजाच्या इतिहासातही खरा ठरला.

६

या परंपरेचे शेवटचे प्रसिद्ध दृश्य पुन्हा छत्तीसगडातलेच आहे आणि ते रंगविलेले नाही. १९४७ मध्ये कोरिया संस्थानचे महाराजा रामानुज प्रतापसिंह देव यांनी तीन चित्ते मारले. बंदुकीसह उभे असलेले शिकारी आणि समोर ओळीने मांडलेले तीन मृत चित्ते, असे त्याचे छायाचित्र आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात या शिकारीचे वृत्त प्रसिद्ध झाले. रात्री, वाहनाच्या दिव्यांच्या प्रकाशात झालेल्या या शिकारीविषयी संपादकांनी तीव्र तिरस्कार व्यक्त केला आणि गौरव म्हणून नव्हे, तर आरोपपत्र म्हणून आपण हा मजकूर छापीत आहोत, असे बजावले. भारतातील चित्त्याची ही शेवटची खात्रीशीर नोंद मानली जाते. १९५२ मध्ये चित्ता देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पुढे शिकारीवर बंदी घातली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आणलेले आफ्रिकी चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडण्यात आले.

अकबराच्या चित्रांत चित्ता हा शिकारीतील सहकारी होता. त्याच्या संग्रही एका वेळी एक हजार चित्ते होते, असे जहांगीराने लिहून ठेवले आहे. कोरियाच्या छायाचित्रात तोच चित्ता जमिनीवर पडलेला आहे. या छायाचित्रात शोध नाही, पाठलाग नाही, रान नाही, हाकारेही नाहीत. शिकारीच्या साऱ्या प्रक्रियेतून केवळ शेवट आणि शिकाऱ्याचे नाव उरले आहे. ‘शिकार’ या दृष्टीत जे बीजरूपाने होते ते येथे पूर्णत्वाला गेले. संपादकांनी मात्र त्याच छायाचित्राला ‘पारध’ या शब्दाच्या मूळ अर्थाने वाचावयास लावले. चित्र न बदलता त्याचे वाचन बदलता येते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मिळणार नाही.

७

तेव्हा शिकारदृश्य हा विषय तौलनिक अभ्यासात घेताना शैली, काळ आणि आश्रयदाता यांच्या नोंदीबरोबर आणखी तीन नोंदी आवश्यक आहेत. चित्राने शिकारीचा कोणता क्षण धरला आहे : शोध, पाठलाग, वध की प्रदर्शन? चित्रातील सर्वांत अधिक रेषा कोणाच्या वाट्याला आल्या आहेत : जनावराच्या, राजाच्या की रानाच्या? आणि चित्रात नाव कोणाचे आहे? हे प्रश्न विचारले की सिंघनपूर, अजिंठा, लाहोर, कोटा आणि कोरिया यांची चित्रे एका विकासक्रमाच्या पायऱ्या ठरत नाहीत. तीन दृष्टी एकमेकींशी भांडत राहतात, कधी एकाच चित्रात, कधी एकाच शब्दात. मराठीने या तिन्ही दृष्टींना स्वतंत्र नावे देऊन ठेवली असताना आपण सर्वांसाठी ‘शिकार’ हा एकच शब्द वापरत राहिलो, तर अभ्यासाच्या आरंभीच दरबाराची बाजू घेतल्यासारखे होईल.

याची निकड केवळ पारिभाषिक नाही. अजिंठ्याच्या चित्रांचे जतन होते, मुघल चित्रे संग्रहालयांत सुरक्षित आहेत, कोरियाचे छायाचित्र असंख्य वेळा छापले गेले आहे. यांतील सर्वांत जुनी आणि सर्वांत अनामिक दृष्टी रायगढच्या उघड्या कातळांवर आहे, आणि तो जिल्हा आज कोळशाच्या खाणींचा आणि पोलाद कारखान्यांचा जिल्हा आहे. त्या चित्रांची तपशीलवार नोंद, नकला आणि मराठीतील वर्णन हे काम वाकणकरांच्या पद्धतीने, हाताने रेषा गिरवीत, अजून करता येण्यासारखे आहे. पावसाळ्यागणिक त्यातील गेरू थोडा थोडा निघून जातो.